कपाटातली वही बाहेर काढण्याबाबत सूचना

ही पुस्तिका कोणासाठी

ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी ठेवल्या त्यांच्यासाठी. सोसायटीचे सचिव, जिल्हा बँकेचे रोखपाल, एस. टी. स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, दूध संघात फॅट लावणारे, भूकरमापक, पोस्टमास्तर आणि एकूणच ज्यांची खतावणी पाहून ऑडिटर दुसरा चहा मागतो अशी मंडळी. यांच्यातल्या पुष्कळांच्या कपाटात, विम्याच्या पावत्या आणि फाटक्या पासबुकांच्या खाली, एक वही असते. खरं तर ती वही नसतेच. पतसंस्थेनं नाहीतर खताच्या कंपनीनं फुकट वाटलेली डायरी असते. पहिल्या पानावर रक्तगट आणि गाडीचा नंबर, जानेवारीत दुधाचा हिशेब आणि मार्चपासून कविता.

मराठीचे प्राध्यापक, पत्रकार, वडिलांच्या नावानं व्याख्यानमाला चालवणारे आणि आधीच अभ्यासक्रमाला लागलेले लेखक यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. त्यांना रस्ता ठाऊक आहे, आणि न्यायला गाडीही येते.

प्रस्तुत पुस्तिकाकाराकडे एका दिवाळी अंकाचं टपाल फोडण्याचं काम बरीच वर्षं आहे. मानधन नाही, चहा आहे. संपादकांच्या टेबलापर्यंत काय पोचावं आणि काय पोचू नये हे ठरवणारा पहिला हात माझा, त्यामुळे या सूचना पाकीट उघडणाऱ्याच्या बाजूनं लिहिल्या आहेत. सोयीसाठी सगळीकडे एकच नमुना-लेखक घेतला आहे : पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक कालवा निरीक्षक. आयुष्य चाऱ्या-पोटचाऱ्यांच्या कडेनं मोटारसायकल फिरवण्यात आणि पाणीमागणीचे सात नंबरचे अर्ज गोळा करण्यात गेलं. आता सकाळी फिरून आल्यावर जेवणापर्यंत काय करायचं हा प्रश्न आहे. तुम्ही कालव्यावर नसाल तर तिथे आपापलं खातं घालून वाचावं.

पात्रता

शिक्षणाची अट नाही. 'आपण काही लेखक नव्हे हो' हे वाक्य तुम्ही आजवर शेकड्यानं म्हटलेलं असणार, त्याचीही हरकत नाही. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचं आमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून जोतीराव फुल्यांना गेलं होतं. जोतीराव गेले नाहीत. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांची दुःखं नाहीत त्यांच्या सभेशी आमचं जमायचं नाही, अशा आशयाचं खरमरीत पत्र मात्र त्यांनी धाडलं. 'शेतकऱ्याचा असूड' त्याआधी दोनच वर्षं, १८८३ साली, लिहून झाला होता. आणि हेच जोतीराव खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर ठेकेदार होते. तेव्हा पाण्याच्या कामावरच्या माणसानं लेखणी उचलली तर परंपरेला धक्का बसतो असं कोणी म्हणालं, तर त्याला हे उदाहरण दाखवावं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं हे आपण शाळेत शिकलो. ओव्या जात्यावर आणि शेतात व्हायच्या, घरातलं कोणीतरी त्या उतरवून घ्यायचं. त्या १९५१ साली गेल्या. मग मुलानं, म्हणजे कवी सोपानदेवांनी, तो ऐवज आचार्य अत्र्यांना दाखवला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. तुमच्या घरात सोपानदेव असतील तर पुस्तिका इथेच मिटावी. नसतील तर पाकीट तुमचं तुम्हालाच टाकावं लागेल, आणि तेही हयातीत.

फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं उदाहरण मात्र अंगावर येतं. बाई किराणा दुकान सांभाळायच्या. पुड्या बांधायला आणलेली वर्तमानपत्रं गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचायच्या, आणि त्याच फटीतून लिहायच्या. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या त्याच रद्दीच्या चवडीत, कोनाड्यात दडवलेल्या. असं जवळजवळ वीस वर्षं. फलटणला काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी आग्रह धरला, 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. दलित स्त्रीनं लिहिलेल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांतलं ते एक. बेबीताईंना वही लपवावी लागत होती त्याला कारणं होती. तुम्ही ती लपवता, कारण साडू हसेल. दोन्ही कारणं एका वजनाची नाहीत, एवढं स्वतःशी मान्य करावं आणि पुढच्या भागाकडे वळावं.

पहिला वाचक

पत्नी, किंवा वाचणारी स्वतः पत्नी असल्यास पती, हा पहिला वाचक नसावा. 'छान आहे' हा अभिप्राय मटार सोलताना दिलेला असतो आणि त्यानंतर लगेच गॅसच्या नंबरची आठवण येते. पुण्याला असलेला मुलगा फोनवरून अंगठा पाठवतो. जावई वाचत नाही, पण तुमच्यासमोर पाहुण्यांना 'आमचे सासरे लिहितात बरं का' असं सांगतो, आणि त्यानंतर त्या पाहुण्यांच्या घरी जाणं तुम्हाला बंद करावं लागतं.

पहिला वाचक तुमच्या धंद्यातला असावा. आमच्या निरीक्षकांनी आपली कथा त्यांच्या हाताखालच्या जुन्या पाटकऱ्याला वाचून दाखवली. पाटकऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तंबाखू थुंकून आला आणि म्हणाला, "साहेब, बाकी झकास. पण तुम्ही टेलच्या शेताला पाणी शेवटी दिलंत. आपण कधी तसं दिलंय का?"

शेजपाळीत पाणी टेलकडून हेडकडे येतं. आधी शेवटचं शेत भिजवायचं, मग एकेक करत वर सरकायचं. नाहीतर वरचे सगळं पितात आणि शेवटच्याच्या नशिबी कोरडी चारी. हे साऱ्या मुलखाला माहीत, निरीक्षकांना तर झोपेतही माहीत, आणि तरीही कथेत त्यांनी पाणी उलटं सोडलं होतं, कारण कथेत नायकाचं शेत शेवटी भिजलं की डोळ्यांत पाणी येतं. हा अभिप्राय कोणत्याही लेखन कार्यशाळेत मिळणार नाही, आणि कार्यशाळेची फी लागते ती वेगळी.

कातरवेळ

हा या पुस्तिकेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. बाकीचे भाग गहाळ झाले तरी चालेल.

निरीक्षकांचं पहिलं पाकीट आलं तेव्हा आत पुढील मजकूर होता : 'कातरवेळ झाली होती. आसमंतात एक अनामिक हुरहूर दाटून आली होती. क्षितिजाच्या कुशीत शिरणाऱ्या त्या रक्तिम गोलकाकडे पाहता पाहता सुलोचनाच्या मनात विचारांचं काहूर माजलं.'

निरीक्षकांच्या आयुष्यात सुलोचना नावाची कोणी बाई नाही. मी नंतर चौकशी केली. कातरवेळही नाही, कारण त्या वेळी ते गेटवर गेज वाचत असायचे. मग ही वाक्यं आली कुठून? ती आपल्या सगळ्यांच्या घरात असतात. शाळेच्या निबंधात, निरोप समारंभाच्या भाषणात, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर. आपण लेखक नाही अशी धास्ती असलेला माणूस पाहुण्यांच्या बशा काढाव्यात तशी ही वाक्यं काढतो, आणि रोजच्या जेवणाचं ताट आत झाकून ठेवतो.

पाकीट मी 'नको'च्या गठ्ठ्यात टाकणार होतो. पण निरीक्षक काटकसरी. कथा त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर उतरवली होती, आणि कागद होते जुन्या पंचनाम्यांच्या झेरॉक्स. पान उलटलं गेलं. मागच्या बाजूला असं होतं :

'आज रोजी रात्रौ २ वाजून १० मिनिटांनी समक्ष पाहता चारी क्र. ११ चे डावे अंगास तीन इंची पाइप आढळून आला. पाइपावर गोणपाट टाकलेले होते. गोणपाट ओले होते. लगतचे बांधावर एक इसम झोपलेला आढळला. त्यास उठविले असता तो झोपेत नसल्याचे दिसून आले. पाण्याबाबत विचारणा केली असता पाणी आपले आपण आले असे त्याने सांगितले. इसमाचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते.'

खाली पंचांच्या सह्या, एक अंगठा.

'त्यास उठविले असता तो झोपेत नसल्याचे दिसून आले' हे वाक्य लिहिता यावं म्हणून माणसं आयुष्य घालवतात. त्यात एक विशेषण नाही. चोरी कोणी केली ते सांगितलेलं नाही आणि शंका उरलेली नाही. आणि हे लिहिणाऱ्याला वाटत होतं की आपलं लेखन पानाच्या दुसऱ्या बाजूला आहे. संपादकांना मी मागची बाजू दाखवली. निरीक्षकांना कार्ड गेलं : 'कथा साभार परत. तिच्या पाठीमागे जे आहे, तसं काही असल्यास पाठवावे.'

यावर निरीक्षकांचा फोन आला. आवाजात राग होता. "अहो, ते सरकारी आहे!"

कृती : आपल्या खात्यात तुम्ही जे लिहीत आलात ते आठवा. शेरा, अहवाल, जबाब, खुलासा, तोट्याचं कारण, गैरहजेरीचा अर्ज, मोजणीची नोंद. त्यातली माणसं, वेळ, अंतर, वास, कोण काय म्हणालं, हे सगळं घ्या. 'आढळून आले', 'सबब' वगैरे चवीपुरतं ठेवा. जास्त झालं की विनोदी वाटतं आणि लोक तुम्हाला विनोदी लेखक म्हणून बोलवायला लागतात. सुलोचनाला सुट्टी द्या.

सूचना : प्रत्यक्ष दप्तर छापायला पाठवू नये. गावाचं नाव, चारीचा नंबर आणि माणसं बदलावीत. अजून नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा डोळ्यांखालून घालावेत. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक वा शास्त्रीय लेखनाला त्यात मोकळीक आहे. साहेबांवर लिहिलेली वात्रटिका यांपैकी कशात बसते, हे साहेब ठरवतात.

नाव

टोपणनाव घ्यायचा मोह होईल. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, बी, कुसुमाग्रज, ग्रेस अशी आपल्याकडे त्याची भरभक्कम रीत आहे, आणि शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज घेतलं हे कळल्यापासून अनेकांनी आपल्या बहिणींकडे नव्या नजरेनं पाहिलं आहे. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन 'प्राजक्त', एक 'निशिगंध' आणि निदान एक 'एकांत' येतो. मनीऑर्डर कोणाच्या नावानं काढायची असा प्रश्न पूर्वी पडायचा. आता मनीऑर्डर काढावी लागत नाही, कारण मानधनच नसतं. स्वतःचं नाव लिहावं. वडिलांच्या नावासकट लिहावं. गावात त्याच नावाचा दुसरा माणूस असला तर त्यालाही चार दिवस मान मिळतो.

पाकीट

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून मराठी माणूस पाऊस सुरू झाला की दिवाळीचं लिहायला बसतो, कारण अंकांना मजकूर जून-जुलैत लागतो. दसऱ्याला पाठवलेली दिवाळीवरची कविता त्या दिवाळीला उपयोगी नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही, कारण ती दिवाळीवर असते.

कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, एक ओळ सोडून. (निरीक्षकांचा अपवाद नियम म्हणून धरू नये.) प्रत्येक पानावर नंबर. शेवटी नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन. स्वतःकडे एक प्रत ठेवावी. 'माझ्याकडे दुसरी प्रत नाही, कृपया सांभाळा' असं लिहिणाऱ्याची प्रत नेमकी चहाखाली सापडते. ई-मेलनं पाठवणार असाल तर मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. जुन्या डीटीपी फाँटमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की रफार शेजारच्या घरी जातात आणि वेलांट्या पायी चालू लागतात. वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणाऱ्यांनी निदान अंगठा तरी चौकटीबाहेर ठेवावा.

सोबतचं पत्र चार ओळींचं. पत्रात काय लिहू नये : आपण कोणकोणत्या मान्यवरांना ओळखता, ही रचना आपल्याला पहाटे कशी सुचली, आपल्या अंकाचा मी गेली तीस वर्षं वाचक आहे (आमचा अंक तेवढा जुना नाही), योग्य ते फेरफार करण्यास हरकत नाही. या शेवटच्या वाक्यावर विसंबून कोणी खरोखर फेरफार केले तर लेखक कोर्टात जायची भाषा करतो, म्हणून ते खरं असेल तरच लिहावं.

एकच लेखन एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नये. दोन्हीकडे छापून येतं, आणि ते आमच्या आधी तुमचा साडू शोधून काढतो.

साभार परत

पूर्वी स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची पद्धत होती. आपल्याच अक्षरातलं पाकीट आपल्याच दारात पडलं की पोस्टमनला सगळं कळायचं. आता पाकीट परत येत नाही. काहीच येत नाही. गणपती होतात, नवरात्र होतं, आणि अंक स्टॉलवर दिसतो तेव्हा तुम्हाला समजतं. स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका वरून खाली आणि मग खालून वर वाचू नये. स्टॉलवाला अशा माणसांना ओळखतो.

नकार म्हणजे अन्याय असं लगेच धरू नये, आणि संपादक देव आहे असंही धरू नये. 'सत्यकथा' मासिक म्हणजे एके काळी मराठी लेखकांचा कैलास. तिथे छापून येण्यासाठी नावाजलेल्यांनीही पुन्हा पुन्हा लिहून दिलं आहे. आणि त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी १९६९ साली होळीही केली. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली. जाळणाऱ्यांच्या पिढीत गोदी, गिरणी, टॅक्सी आणि चाळ यांतून आलेले, कुठल्याच संपादकाच्या पत्त्यावर नीट न बसणारे लेखक होते; त्यांनी स्वतःच चार पानं सायक्लोस्टाइल करून वाटली, आणि मराठी कविता बदलली ती तिथेही. तेव्हा नकार आला तर दोन वाटा आहेत : पुन्हा लिहिणं किंवा स्वतः छापणं. अंक जाळायचा झाल्यास विकत घेऊन जाळावा, आम्हाला तेवढीच विक्री.

माइकसमोर

छापून येण्याआधी किंवा छापून न आल्यावर, गावच्या वाचनालयाच्या कोजागिरी कविसंमेलनात नाव द्यावं. अखिल भारतीय साहित्य संमेलनात जायची घाई नको. तिथे कविकट्टा असतो, त्यावर कोणालाही नाव नोंदवून कविता म्हणता येते. पण समोरच्या खुर्च्यांवर बसलेले सगळे आपापल्या नंबराची वाट पाहणारे कवी असतात, आणि ते टाळ्या वाजवतात त्या पुढचं नाव लवकर पुकारावं म्हणून.

गावच्या कार्यक्रमाचा क्रम पुढीलप्रमाणे. दीपप्रज्वलन, पंख्यामुळे काड्या विझतात, पंखा बंद करायला माणूस पळतो, समई लागते, पंखा चालू होतो, समई विझते. स्वागतगीत. पाहुण्यांचा परिचय. पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं म्हणून आधीच बोलतात आणि निघतात. मग कवी. प्रत्येकी तीन मिनिटं. 'फक्त चारच ओळी सादर करतो' असं म्हणणाऱ्याकडे किमान दोन पानं असतात. सूत्रसंचालक दोन कवींच्या मध्ये स्वतःचे शेर म्हणतो. ते एकत्र केले तर त्याचं वाचन सगळ्यात मोठं होतं आणि त्याचं नाव मात्र पत्रिकेत कवी म्हणून नसतं, म्हणूनच तो हे करतो. ज्यांचं वाचून झालं ते 'जरा गाडी लांब लावली आहे' म्हणत उठतात. तुमचा नंबर शेवटून दुसरा असेल तर समोर वाचनालयाचे शिपाई, ध्वनिक्षेपकवाला आणि मसाला दुधासाठी थांबलेली मंडळी उरतील. तीच खरी. दूध मिळेपर्यंत ती उठत नाहीत.

माइकला टिचकी मारू नये, फुंकू नये, 'आवाज येतोय का' विचारू नये; येत नसेल तर लोक आपणहून सांगतात, आणि येत असेल तरी सांगतात. कवितेआधी कवितेची जन्मकथा सांगू नये.

निरीक्षकांना तिथे सोळावा नंबर मिळाला होता. त्यांनी 'पाळी' नावाचं एक पान वाचलं. उन्हाळी आवर्तन, रात्र, टेलच्या शेतात पाण्याची वाट बघत बसलेले दोन भाऊ. वरच्या अंगाला कोणीतरी दार फोडलेलं, त्यामुळे पाणी येत नाही. पहाटे येतं तेव्हा त्यांची पाळी संपायला थोडाच वेळ उरलेला, आणि आता ते पाणी थोरल्याच्या उसाला द्यायचं की धाकट्याच्या घासाला. एवढंच. आवाज सपाट, सातबारा वाचावा तसा. कोणी वाहवा केली नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारा मात्र उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "कंची चारी म्हणायची ही?"

निरीक्षकांनी सवयीनं खरा नंबर सांगितला.

मग सूत्रसंचालकाच्या हातात काही राहिलं नाही. म्हाताऱ्याचं म्हणणं, दार फोडलं नव्हतं, गंजून पडलं होतं. दुसऱ्या बाजूनं एक जण म्हणाला, गंजलं असेल तर रात्रीच कसं पडलं? तिसऱ्याला कोणाच्या तरी चुलत्याची आठवण झाली. निरीक्षक माइकवरून शांतपणे दोघांचंही ऐकून घेत होते, आणि मधूनच "एकेकानं बोला" म्हणत होते, जसे ते पंचवीस-तीस वर्षं बांधावर म्हणत आले असतील. सतरावा कवी गझल घेऊन पायरीवर उभा होता. त्याला कोणी विचारलं नाही. दूध निवलं.

माझ्या मते त्या रात्री 'वाह' मिळालेल्या पंधरा कवींपैकी एकालाही असा प्रतिसाद मिळाला नाही. 'वाह' शिष्टाचार म्हणूनही देता येते. 'कंची चारी?' हा प्रश्न माणूस ऐकत असल्याशिवाय विचारत नाही.

पुस्तक

लवकर उरकू. पंधरा-वीस लेख झाले की मित्र म्हणतात, पुस्तक काढा. असं म्हणणाऱ्यांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो किती प्रती विकत घेईल ते त्यालाच विचारून लिहावं. पुस्तक निघेल की नाही ते या यादीवरून कळतं.

प्रकाशक पैसे मागत असेल तर तो प्रकाशक आहे की छापखाना, हे आधी ठरवावं. छापखाना असण्यात कमीपणा नाही, फक्त मग दर छापखान्याचा असावा. फर्मा सोळा पानांचा धरतात, तेव्हा ११२ पानं म्हणजे सात फर्मे. ११५ पानं झाली तर तीन पानं कापा, सुलोचना कुठेतरी शिल्लक असेलच. 'लेखकाने ३०० प्रती घ्याव्यात' असं कलम करारात असेल तर त्या ३०० प्रती कोणत्या खाटेखाली मावतील ते मोजून मग सही करावी. आयएसबीएन नंबर आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो आणि त्याला फी नाही. त्यासाठी कोणी हजारांत पैसे मागत असेल तर त्याला हे ऐकवावं. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित द्यावं लागतं, वाट पाहावी लागते, आणि तुम्ही सरकारी खात्यातून आलेले असल्यामुळे दुसरी अट तुम्हाला जड जाऊ नये.

वाचक मिळतील का, या चिंतेवर कायद्यानं थोडा दिलासा दिला आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे पाठवायची असते. म्हणजे तुमचं पुस्तक चार महानगरांत पोचलं, असं कोणालाही न लाजता सांगता येईल. शिवाय १९५७ च्या कायद्यानं हक्क तुमच्या मागे ६० वर्षं वारसांकडे राहतात. हे नातवाला सांगून ठेवावं. मालमत्ता म्हटलं की माळ्यावरची खोकी जरा जपून हाताळली जातात.

प्रस्तावना मोठ्या माणसाची घेऊ नये. तो पहिली चार पानं स्वतःविषयी लिहितो आणि शेवटच्या परिच्छेदात तुमचं आडनाव चुकवतो. निरीक्षकांच्या पुस्तकाला प्रस्तावना नाही. त्याऐवजी सुरुवातीला चारीचा हातानं काढलेला नकाशा आहे.

बिघाड आणि उपाय

लेख छापून आला, पण नाव चुकीचं आलं. उपाय : पुढच्या अंकात दुरुस्ती मागू नये, ती वर्षानं येते. पेननं दुरुस्त करून झेरॉक्स काढावी, नातेवाइकांना तीच द्यावी.

लेख छापून आला आणि गावात कोणी बोलेना. उपाय : गावात अंक किती येतात ते बघावं. बहुधा दोन येतात, एक वाचनालयात आणि एक तुमच्याकडे. वाचनालयातला अंक बाइंडिंगला जाण्याआधी सलूनमध्ये ठेवण्याची विनंती ग्रंथपालांना करावी.

साडू वाचून हसला. उपाय : कुठल्या ओळीला हसला ते विचारावं. ओळ विनोदी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ती कातरवेळेची आहे का ते तपासावं.

घरच्यांना त्यात आपण दिसलो. उपाय : 'ते काल्पनिक आहे' म्हणावं. ऐकलं नाही तर 'मग पुढच्यात तुम्हाला काढून टाकतो' म्हणावं. काढलेलं कोणालाच आवडत नाही.

लिहिणंच बंद पडलं. उपाय : डायरीत पुन्हा दुधाचा हिशेब लिहायला घ्यावा. कोणत्या दिवशी दूध आलं नाही आणि का, एवढ्यापुरता शेरा मारावा. बंद पडलेली पुष्कळ माणसं या शेऱ्यापाशी परत चालू झालेली आहेत.

सकाळी सहाला अनोळखी फोन येतो, माणूस 'हॅलो'च्या आधी भांडायला लागतो, दार फोडलेलं नव्हतं, गंजलेलं होतं, त्या वेळचा पाटकरी आमचा मामा होता, आणि तुम्ही काय वाट्टेल ते छापता. उपाय : ऐकून घ्यावं. नाव, गाव, साल आणि मामाचं नाव लिहून घ्यावं. फोन ठेवल्यावर लगेच लिहायला बसावं आणि ३१ जुलैच्या आत आमच्याकडे पाठवावं. पाठकोऱ्या कागदावर असलं तरी चालेल.